काठोकाठ भरलेला डबा

(शनिशिंगणापुरातलं एक घर. दाराला चौकट आहे, फळ्या नाहीत, नुसता पडदा. जूनचा पहिला आठवडा, दुपारचे तीन.)

कानिफनाथ: तोंडावरचा पदर काढ आन मग बोल. पिठाच्या डब्यात तोंड घालून बोलल्यावानी ऐकू येतंय.

मालनबाई: दाढ दुखतीया म्हनलं ना.

कानिफनाथ: कोनती?

मालनबाई: ही काय. डावी.

कानिफनाथ: आन हात उजव्या गालावर?

मालनबाई: कळ हिकडनं तिकडं जातीया. तुमी काय दाताचं डागदर हाय का? जावा, ओट्यावर बसा. लेक येईल घटकाभरात, तिच्या वाटंकडं बघा.

कानिफनाथ: तिकडनंच उठून आलो. हर्षलचा फोन आल्ता. भिंगारमधनं निघालेत म्हनं. सातवा म्हैना हाय, खड्डे चुकवत हळूहळू आनतो म्हनले जावईबापू. आन पुढं काय म्हनले सांगू?

मालनबाई: नका सांगू.

कानिफनाथ: म्हनले, "मामा, दिशानं गाडीत बसल्यापासनं तीनदा विचारलं, काकूंचा जाम तयार आहे ना?"

मालनबाई: हूं.

कानिफनाथ: हूं काय?

मालनबाई: हूं म्हंजी ऐकलं. गरवार बाईला चिंच खावीशी वाटावी, कैरी वाटावी, भाजकी माती वाटावी. आपल्या घरात आजवर कुनाला जामाचं डोहाळं लागलं न्हवतं. त्यो बी न शिजवलेला! जांभळं धुवायची, बिया काढून गर कुस्करायचा, साखर ओतायची, लिंबू पिळायचं, नगरहून आनलेली कसली ती पांढरी पूड टाकायची आन ढवळत बसायचं. चूल न्हाई, धूर न्हाई, कपाळाला घाम न्हाई. एक दिस फडक्याखाली झाकून ठेवायचं आन दुसऱ्या दिशी त्या पांढऱ्या पेटीत नेऊन गाडायचं. झाला जाम! बाईनं घाम गाळल्याबिगर केलेलं खानं, त्ये काय खानं हाय?

कानिफनाथ: तुला बरं येवढं समदं ठावं.

मालनबाई: समद्या आळीला ठावं हाय. दोन वर्सांखाली आपल्या अश्विनीबाईंनी मोबाईलवर बघून केलं आन शेजारच्या ज्योतीनं घरोघर सांगितलं. धाकल्या जावंचं कौतुक ऐकून माझ्या कानाला घट्टं पडलं. ज्योती तर म्हनती, "मालनकाकू, तोंडात टाकलं की झाडाखाली हुभं राहिल्यावानी वाटतंय." तिला म्हनलं, मग जा की झाडाखाली. कुनी अडवलंय?

कानिफनाथ: कल्याणचं आईस्क्रीमचं दुकान बसलं, पन फ्रीजर सत्कारनी लागला बघ. माझा भाऊ लई हुशार न्हाई, पन त्याची बायको हाय.

मालनबाई: घ्या! तुमी बी घ्या तिचंच नाव. आवो, त्या पोरीनं मला फोन केला. मला! आईला! म्हनती, "आई, काकूला सांगशील का, माझ्यासाठी एक डबा ठेव म्हणून?" मी म्हनलं, बाई, माझा जांभळाचा मुरंबा हाय की. चार बरन्या भरून ठेवल्यात तुझ्यासाठी. तर म्हनती, "तो पण घेईन गं." तो पण! 'पण' म्हनली ती, 'पण'!

कानिफनाथ: आगं, पोटुशी पोर. बोलली आसंल सहज.

मालनबाई: लगीन होऊन जाताना हीच पोर माझ्या मुरंब्याची बरनी मांडीवर घेऊन रडली हुती. नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठिवायचं सोडून बरनीवर ठिवलं हुतं. आता बरनी झाली 'तो पण'.

कानिफनाथ: तुला एक गोष्ट सांगू?

मालनबाई: तुमच्या गोष्टीला ना बूड ना शेंडा. नका सांगू.

कानिफनाथ: ही खरी हाय. माझ्या आज्यानं डोळ्यांनी बघितलेली. आपल्या ह्याच आळीत एक परगावचा बाप्या आल्ता. गावात दारं न्हाईत, कुलपं न्हाईत, त्याला वाटलं काय बी उचलावं. एका घरात शिरला, कोनाड्यातला गुळाचा खडा घेतला, जागच्या जागी तोंडात टाकला. म्हनला, खिशात न्हाई, पिशवीत न्हाई, कुनाला काय कळनार? निघाला घोडेगावच्या वाटंनं. मागं बघतो तर मुंग्या.

मालनबाई: मुंग्या?

कानिफनाथ: एक रांग. त्यो थांबला की रांग थांबायची, त्यो पळाला की रांग पळायची. घोडेगावला एसटीत बसला तर मुंग्या टपावर! कंडक्टर म्हनला, उतर खाली, ह्यांची तिकिटं कोन काढनार? त्यो आला परत, घरधनिनीच्या पाया पडला, तवा रांग वळली. आता सांग, त्याच्या अंगावर काय हुतं? काय बी न्हाई. समदं पोटात.

मालनबाई: तुमच्या आज्याच्या टायमाला घोडेगावला एसटी कुठं हुती?

कानिफनाथ: एसटी न्हाई तर बैलगाडी आसंल. मुंग्या त्याच... आगं, आगं! तुझ्या पदराला बघ! ती बघ, लाल!

मालनबाई: आगं बया! कुठं? कुठं हाय?

कानिफनाथ: पडला पदर! आता हिकडं बघ. आ कर.

मालनबाई: मेल्याहून मेल्यावानी करता तुमी. म्हातारपनी पोरखेळ!

कानिफनाथ: आ कर. जीभ दाखव... आरं देवा. ही जीभ हाय का जांभळी पैठनी?

मालनबाई: हळू बोला. दाराला फळ्या न्हाईत आपल्या.

कानिफनाथ: मालन, तू काशीला जांभूळ सोडलं हुतंस.

मालनबाई: ठावं हाय मला.

कानिफनाथ: चार वर्सं झाली. लोक कारली सोडत्यात, भोपळा सोडत्यात, जे आवडत न्हाई त्ये सोडून म्होकळं हुत्यात. तू म्हनलीस, मला जिवापाड आवडतं त्येच सोडनार. आन तवापासनं आळीला सांगत फिरतीस, "मी मुरंबा करते पन चाखत न्हाई, नुसत्या नजरंनं पाक धरते." आन आज ही जीभ?

मालनबाई: मी बघायला गेल्ते.

कानिफनाथ: काय?

मालनबाई: नुसतं बघायला. दुपारी अश्विनी कल्याणच्या जेवनाचा डबा घिऊन त्याच्या नव्या दुकानावर गेली. मी चौकटीत हुभं राहून हाक मारली. आपली रीतच हाय, हाक मारल्याबिगर कुनाच्या घरात पाय टाकायचा न्हाई.

कानिफनाथ: ती दुकानावर हाय, ठावं हाय तुला, आन हाक?

मालनबाई: तीनदा मारली. कुनी ये बी म्हनलं न्हाई आन नको बी म्हनलं न्हाई. मग गेले. त्या पेटीला कुलूप हाय म्हाईत हाय का? कंपनीनंच दिलेलं. पन किल्ली तिनं दोऱ्यानं मुठीलाच बांधलीया. उघडलं. वाफ आली थंडगार. आत हारीनं डबे, आन एका डब्यावर चिकटपट्टी लावून लिवलेलं, 'दिशा'. बाजूला फूल काढलेलं पेनानं. आवो, माझ्या लेकीचं नाव. मी नऊ म्हैने पोटात वागवली तिचं नाव दुसरीच्या पेटीत, बरफात.

कानिफनाथ: आन मग?

मालनबाई: म्हनलं बघावं तरी कसा दगड झालाय. चमचा लावला, तर लोन्यात गेल्यावानी गेला.

कानिफनाथ: चमचा कुठनं आला?

मालनबाई: कनवटीला हुता.

कानिफनाथ: बघायला जाताना चमचा कनवटीला?

मालनबाई: आता पोलिसावानी इचारू नका! एक चमचा घेतला. नासका निघंल असं वाटलं हुतं. निघायला पायजे हुता. तर काय सांगू... माझ्या माहेरी ओढ्याच्या कडंला जांभूळ हुतं. सकाळी पडलेली जांभळं आमी फ्राकात येचायचो. रातभर दवात गार झालेली. तीच. तीच चव, तुरट, गोड, घशाला कोरड पाडनारी. चार वर्सांनी भेटली. त्या घरात हुभी राहून मी... मला कळलंच न्हाई. तळ दिसला तवा कळलं.

कानिफनाथ: समदा डबा?

मालनबाई: अर्ध्या किलोचा तर हाय.

कानिफनाथ: लेकीच्या नावाचा डबा. डोहाळ्याचा. ह्या गावात.

मालनबाई: चोरी न्हाई ती! मी डबा चौकटीबाहेर नेला न्हाई. चमचा माझा, पेटी त्यांची, उंबऱ्याच्या आतच...

कानिफनाथ: आन पोट काय उंबऱ्यावर काढून ठिवलंस?

मालनबाई: म्हनून तर भरपाई केली! रिकामा डबा घरी आनला न्हाई. घरनं माझी बरनी घिऊन गेले आन माझा मुरंबा त्या डब्यात भरला. रंग तोच, फळ तेच, अश्विनीच्याच भावानं राजूरहून आनलेलं, एकाच झाडाचं. एक पाटी त्यांला, एक पाटी आमाला. झाकन लावलं, डबा हुता तिथं ठिवला. घेतलं त्याच्या दुप्पट दिलं. देव बी काय म्हनंल?

कानिफनाथ: देव म्हनंल, मालनबाईनं लेकीला शेवटी आपलाच मुरंबा खायला घातला, दुसरीच्या नावानं.

मालनबाई: एक इचारू? मस्करी करायची न्हाई.

कानिफनाथ: इचार.

मालनबाई: डब्यात भरताना एक थेंब मनगटावर सांडला. चाटला मी. जीभ बाटलेलीच हुती, म्हनलं आता काय. आवो... माझा मुरंबा कसा लागतो?

कानिफनाथ: गोड लागतो.

मालनबाई: गोड तर साखर बी लागती. मी मुरंब्याचं इचारलं.

कानिफनाथ: चांगला लागतो की. पोळीसंगट...

मालनबाई: माझ्याकडं बघून सांगा.

अश्विनी: आहात का घरात? येऊ का?

मालनबाई: आली! पदर... माझा पदर कुठाय?

कानिफनाथ: ये गं, ये. अश्विनी, तुला कदी इचारावं लागतं का?

अश्विनी: विचारावं लागतं ना, भावजी. रीत आहे. जाऊबाई, काय झालं? तोंडाला पदर का?

मालनबाई: दाढ.

अश्विनी: लवंग देऊ का? माझ्याकडे लवंगेचं तेल पण आहे.

मालनबाई: नको. तुझ्याकडचं काय बी नको.

कानिफनाथ: लवंगेनं जायची दाढ न्हाई ती. हातात काय हाय तुझ्या?

अश्विनी: डबा. दिशाचा. म्हटलं पोर यायच्या आधी बर्फाच्या पेटीत भरून ठेवावा, परत भिंगारला जाईपर्यंत पातळ व्हायला नको. फ्रीजर उघडला, तर डब्याचं झाकण नीट बसलेलंच नाही. कडेनं ओघळ आलाय, खालच्या दोन डब्यांवर सांडलाय.

मालनबाई: तुझंच झाकन ढिलं आसंल.

अश्विनी: झाकण ढिलं नाही, जाऊबाई. मी प्रत्येक डब्यात वर बोटभर जागा सोडते. गोठताना जाम फुगतो, त्याला जागा लागते. मोबाईलवरच्या बाईनं चारदा सांगितलंय ते. आणि हा डबा भरलाय अगदी काठोकाठ. वर शीग आहे.

कानिफनाथ: शीग!

अश्विनी: मी त्या डब्याकडे बघत बसले. म्हटलं, आपल्या गावात कुणी घरात शिरून काही नेत नाही. पण हे असं, घरात शिरून ठेवून जाणारं कोण? आणि मग वाटलं, काठोकाठ भरल्याशिवाय कुणाला काही देत नाही असं आख्ख्या आळीत एकच माणूस आहे. वाटीभर पीठ मागायला आलं तर वाटीवर डोंगर करून देणारं. तुम्ही एका बारशाच्या पंक्तीत तूप वाढलंत, तेव्हा ते वाटीबाहेर सांडून कल्याणचे दोन शर्ट गेले होते.

कानिफनाथ: मालन, आता दाढ ऱ्हाऊ दे. काढ पदर.

मालनबाई: काढते. बघ. बघून घे, अश्विने. आन जा, सांग आळीला. ज्योतीला आधी सांग, ती बाकीच्यांना सांगंल. काशीला जाऊन आलेली मालन जावंच्या घरात शिरून चमचा चाटत हुती म्हनावं.

अश्विनी: अय्या! केवढी जांभळी झालीय! सगळा खाल्ला?

मालनबाई: समदा.

अश्विनी: आवडला?

मालनबाई: मला काय इचारती? डब्याला इचार.

अश्विनी: नाही, तुम्ही सांगा. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

मालनबाई: का? ज्योतीच्या तोंडून ऐकून पोट भरलं न्हाई?

अश्विनी: नाही भरलं. ज्योतीला साखर घातलेला चिखल दिला तरी ती छान म्हणेल. जाऊबाई, या घरात येऊन मला बारा वर्षं झाली. दर जूनला तुमच्या चुलीपाशी बसून मी जांभळं कुस्करली. बिया मी काढल्या, साखर मी चाळली, लाकडं मी पुढे सारली. आणि पाक धरायची वेळ आली, की तुम्ही काय म्हणायचात?

मालनबाई: काय म्हनायचे?

अश्विनी: "अश्विनी, जरा शेळीला पाणी पाजून ये."

कानिफनाथ: व्हय, म्हनायची. मी ऐकलंय.

अश्विनी: मी पाणी पाजून यायचे, तोवर पातेलं खाली! पाक एकतारी धरायचा का दोनतारी, लिंबू कधी पिळायचं, आच कधी काढायची, मला आजपर्यंत माहीत नाही. सहा वर्षांपूर्वी ती शेळी मेली. तरी त्या जूनला तुम्ही मला शेळीला पाणी पाजायला पाठवलंत. आणि मी गेले! बादली घेऊन रिकाम्या खुंट्यापाशी उभी राहिले, जाऊबाई. पाच मिनिटं.

कानिफनाथ: आरारारा.

अश्विनी: तेव्हाच ठरवलं, ज्याला पाकच लागत नाही असं काहीतरी शोधायचं. ज्याला चूलच नको. म्हणजे कुणी मला उठवून बाहेर पाठवायला नको. लोक म्हणतात अश्विनीला नवीन करून बघायची हौस. हौस कसली? मला तुमचा मुरंबा बघून पोटात दुखायचं. माझा भाऊ मच्छिंद्र, सख्खा भाऊ, राजूरवरून एवढ्या लांब पाटी घेऊन यायचा, आणि जाताना म्हणायचा, "ताई, तुझ्या जाऊबाईंची एक बरणी दे ना."

मालनबाई: यायचा न्हवं! हक्कानं मागायचा. गेल्या साली मातुर बरनी इसरून गेला बघ. तूच म्हनलीस, मच्छिंद्र घाईत हुता, इसरला म्हनून. मी ती बरनी आठ दिस तशीच बाजूला ठिवली हुती.

अश्विनी: फडकं कुठाय? हा ओघळ पुसते जरा.

मालनबाई: काय गं?

अश्विनी: काही नाही.

मालनबाई: इसरला न्हवता?

अश्विनी: जाऊबाई, दिशा येईल आता. नंतर बोलू.

मालनबाई: न्हाई, आत्ताच. ह्यांला इचारत हुते तवर तू आलीस. ह्यांनी तर भिंतीकडं बघून सांगितलं, गोड लागतो म्हनून. तू माझी जाव हायस, तुला माझा राग राग येतो, तुला खोटं बोलायचं कारन न्हाई. माझा मुरंबा कसा लागतो?

अश्विनी: खाली लागलेला.

मालनबाई: ह्या खेपंला?

अश्विनी: चार वर्षं.

मालनबाई: काशीपासनं.

अश्विनी: हो. आधी नुसता वास यायचा, कळेल न कळेल असा. मग दर वर्षी थोडा जास्त. तुम्ही चाखत नाही, मग कच्चा राहायला नको म्हणून जास्त वेळ ठेवत असाल आचेवर. अंदाजानं.

मालनबाई: अंदाजानंच. वाटायचं, आजून एक उकळी येऊ दे. आजून एक. कच्चा राहिला तर लोक काय म्हनतील? चार वर्सं कुनी बोललं न्हाई! आवो, तुमी तर वाटीभर खायचा.

कानिफनाथ: खायचो.

मालनबाई: मग?

कानिफनाथ: पानी पिऊन खायचो. मालन, तू काशीहून आलीस तवा दारात हुभी राहून म्हनलीस, "देवाला जीभ दिऊन आले." आता देवाला दिलेल्या जिभंला चव सांगायची कुनाची टाप हाय? वाटलं, सांगितलं तर तू चूलच लावनार न्हाईस पुन्यांदा. जून म्हैन्यात घरात मुरंब्याचा वास न्हाई, त्यापरीस करपलेला बरा.

मालनबाई: म्हनून दिशा तसं म्हनली. 'तो पण घेईन गं.' पोरगी माझं मन राखत हुती. आन मी हिच्यावर जळत हुते.

अश्विनी: मी पण जळतच होते, जाऊबाई. बरोबरी झाली.

मालनबाई: कशाची बरोबरी? तू बारा वर्सं जळलीस, मी दोन. आन तुझा डबा बी मीच खाल्ला.

कानिफनाथ: हिसाब काढत बसू नका. आता त्या पोरीला काय द्यायचं त्ये बघा. गाडी आलीच आसंल फाट्यावर.

अश्विनी: अजून दोन डबे आहेत माझे. एक मच्छिंद्रसाठी ठेवलाय, त्याला पुढच्या वेळी देईन. चिकटपट्टी काढून लावते 'दिशा' म्हणून.

मालनबाई: थांब. चिकटपट्टी मी लावते. आन फूल बी मीच काढनार.

अश्विनी: काढा. पेन देते.

मालनबाई: आन ऐक. डबा तुझा, तिला द्यायचा तुझ्या हातानं. मी सांगनार तिला की तुझ्या आईनं तुझा पैला डबा खाल्ला, जीभ बी दाखवनार. पन पैला चमचा तिच्या तोंडात मी घालनार. ह्यात मला कुनी मधी बोललेलं चालनार न्हाई.

अश्विनी: चालेल की. चमचा आहेच तुमच्याकडे कनवटीला.

मालनबाई: ऐकत हुतीस तू! कवापासनं हुभी हुतीस भाईर?

अश्विनी: मुंग्या एसटीच्या टपावर चढल्या तेव्हापासून. दाराला फळ्या नाहीत तुमच्या.

कानिफनाथ: बघितलंस? एवढा वेळ माझी गोष्ट कुनी तरी मन लावून ऐकत हुतं.

मालनबाई: तुमी गप ऱ्हावा. काशीचं काय करू त्ये सांगा. सोडलेलं खाल्लं.

कानिफनाथ: आगं, गंगा लई लांब हाय. आन जाऊन सांगायचं म्हनलं तर असं सांग, की मी जांभूळ सोडलं हुतं, जळायचं ऱ्हायलं हुतं. आता आदलाबदल करून घ्या.

मालनबाई: जळायचं येकदम सुटत न्हाई. हळूहळू सोडीन.

अश्विनी: हॉर्न! भावजी, हॉर्न वाजला. हर्षलची गाडी.

कानिफनाथ: आलो, आलो. मी होतो म्होरं. मालन, पदर घे तोंडाला, जावई हाय.

मालनबाई: न्हाई घेत. बघू दे त्याला बी.

अश्विनी: मी डबा आणते. आणि हा काठोकाठ भरलेला? ह्याचं काय करायचं?

मालनबाई: तो हितंच ठिव. मी खाईन, मीच शिजवलाय. अश्विनी...

अश्विनी: काय?

मालनबाई: मच्छिंद्रनं आनलेल्या पाटीतली निम्मी जांभळं आजून तशीच हायती. ओल्या फडक्याखाली झाकून ठिवलीत. उद्या सकाळी ये. चूल पेटवायच्या आधी ये. आच मी बघीन, चव तू सांगायचीस. बास म्हनलीस की पातेलं खाली.

अश्विनी: आणि पाक धरायच्या वेळेला शेळीला पाणी कोण पाजणार?

मालनबाई: शेळी मरून सहा वर्सं झाली, अश्विनी. तू ये.